बाय, ग्लोव्हजचं तेवढं बघ

प्रिय बाय,

काल लॅबमधल्या ग्लोव्हजवरून 'बाबा, मला कळतं' म्हणून तू फोन ठेवलास म्हणून हे लिहितोय. ग्लोव्हजचा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलंय.

तू पाठवलेला तो 2017 चा झेब्राफिशचा, म्हणजे त्या पट्ट्यापट्ट्यांच्या बारक्या माशांचा, पेपर बंट्याकडून समजून घेतला. अंडी म्हणे फक्त पहिले 24 तास मिथाइल मर्क्युरीत, म्हणजे पाऱ्याच्या विषारी संयुगात, नंतर साधं पाणी, आणि तरी त्यांच्या नातवंडांच्या नजरेत दोष नि अंगात नुसती चुळबुळ, त्या बिचाऱ्यांनी तर पारा बघितलापण नव्हता! डीएनएची अक्षरं तीच, नराच्या शुक्राणूत त्यावरच्या रासायनिक खुणा तेवढ्या बदललेल्या. मला तूच आठवलीस, खाचरातले बारके मासे हॉर्लिक्सच्या बरणीत भरून आणायचीस आणि आजी ओरडली की बरणी माझ्या मागे लपवायचीस. आता त्याच माशांसाठी तुला फेलोशिप. मालवणच्या बाजारात सगळ्यांना सांगून झालंय, एकीने विचारलं, मग ते खायचे कसे, तळून?

पण मग ती अमेरिकेतल्या डार्टमथची केरन वेटरहान वाचली. 1996 मध्ये लेटेक्सच्या ग्लोव्हजवर डायमिथाइल मर्क्युरीचे थेंब सांडले काय आणि 1997 मध्ये बाई गेली काय. तू म्हणशील ते डायमिथाइल, आमचं वेगळं. असेल. पण ती विषारी धातूंवरच काम करणारी प्रोफेसर होती, कळत तिलापण होतंच.

तर ग्लोव्हज कुठले देतात ते पहिल्याच दिवशी विचार, फाटके वापरू नको, डबा लॅबबाहेर खा, आणि ती डोळे चोळायची सवय, अगदी आजोबांसारखी, ती सोड आता. जपानच्या मिनामातात पाऱ्याचे मासे खाऊन कित्येक आयांना स्वतःला फारसं काही झालं नाही पण पोटातल्या पोरांना झालं, उद्या तुलापण... जाऊदे. लेक्चर झालं, सॉरी. लग्नाचं बोलत नाहीये मी, आईला तसं सांगू नको.

आई विचारतेय मोठ्या माशात पारा जास्त साठतो तर सुरमई बंद करायची का. मी म्हटलं आपण कुठे रोज सुरमईवाले, बांगडा नि तारलीच तर खातो.

अण्णांच्या इंजिनाचं अजून तसंच आहे, तू त्याची काळजी करू नको. तुतारी एक्सप्रेसचं तिकीट कन्फर्म झालं की कळव, कुडाळला सोडायला मीच येणार.

बाबा