चिऊ, फॉर्मवर मी 'हो' लिहिलं

प्रिय चिऊ,

पोचल्याचं तू आईला कळवलंस, मला नाही, आणि तिलाही नुसता एक अंगठा पाठवलास. असू दे. मेसेज केला तर तू नुसता बघून सोडून देशील म्हणून हे लांबलचक मेलवर लिहितोय, बॅडमिंटनच्या कॅम्पमध्ये रात्री फोन हातात देतात तेव्हा वाच, मूड नसेल तर आत्ता नको वाचूस, पण डिलीट करू नकोस.

आधीच सांगून टाकतो, गुडघ्याबद्दल लिहिणार नाहीये. त्यावर परवा रात्री आपण दोघंही पुरेसं बोललो, आज्जी झोपेतून उठून बाहेर आली एवढ्या आवाजात. कॅम्पच्या फॉर्मवर 'सध्या काही दुखापत आहे का' याच्यापुढे तुला 'नाही' हवं होतं, मी 'हो' लिहिलं, कुठला पाय तेही लिहिलं आणि सही केली. पुन्हा तो फॉर्म समोर आला तरी तेच लिहीन. झाला विषय.

मला खरं तर तुझ्या निळ्या वहीबद्दल लिहायचंय, ज्यात तू चित्रं काढून गोष्ट लिहायचीस. तू बॅग भरताना ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकलीस, मी काढून घेतली, आणि हो, सगळी वाचली. तो एक डोळ्याचा अंपायर कावळा, जो शटल कुठेही पडलं तरी 'आउट' ओरडतो आणि मग खेळाडू त्यालाच कोर्टाबाहेर काढायची मीटिंग घेतात, तिथे वही संपते. संपते म्हणजे पानं शिल्लक आहेत, तू थांबलीस. दादाने पण वाचली, तो म्हणतो मीटिंगमधला खुर्चीवर उभा राहून भाषण करणारा बगळा म्हणजे मी आहे. आहे का?

मी विचारलं होतं का थांबलीस, तर म्हणालीस वेळ नाही आणि त्यात काय करिअर आहे का. चौदाव्या वर्षी! मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही, म्हणून मी बार्टीचं उदाहरण दिलं आणि तू ते माझ्यावरच उलटवलंस. नंतर मी हसलो खरं तर, आईला विचार. मी म्हणालो अ‍ॅश बार्टीने २०१४ मध्ये टेनिस बाजूला ठेवलं, ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली, २०१६ ला परत आली आणि पुढे फ्रेंच, विम्बल्डन, ऑस्ट्रेलियन तिन्ही जिंकली. तू म्हणालीस बाबा, ती २०११ मध्येच, पंधराव्या वर्षी, ज्युनियर विम्बल्डन जिंकलेली, आधी मला तेवढं जिंकू दे मग मी पण क्रिकेट खेळते. वर आणि स्पेनच्या कॅरोलिना मारिनचं काढलंस, की तीसुद्धा लहानपणी फ्लॅमेन्को नाचायची आणि बॅडमिंटनसाठी तिने ते सोडलं. बरोबर आहे, सोडलं. तू वाद घालतेस तेव्हा तयारी करून येतेस, ते बघून बरं वाटतं, वाद माझ्याशी नसता तर जास्त बरं वाटलं असतं.

पण मारिनचं नाव तू घेतलंस म्हणून. पॅरिस ऑलिंपिकची ती सेमीफायनल आपण सगळ्यांनी मिळून पाहिली होती ना, २०२४ ची. पहिला गेम जिंकलेला, दुसऱ्यात पुढे, आणि ती एकदम खाली बसली. उजवा गुडघा. २०१९ मध्ये तोच गेलेला, २०२१ मध्ये डावा, आणि आता परत. ती पट्टा बांधून उठली, थोडं खेळली, मग कोर्टवर आडवी पडून रडायला लागली आणि इकडे तू रडायला लागलीस. नंतर तिच्या समोरची चीनची खेळाडू, ही बिंगजियाओ, पोडियमवर स्पेनची पिन हातात घेऊन उभी राहिली, ते तुला इतकं आवडलं होतं की तो फोटो अजून तुझ्या कपाटावर आहे. मला मात्र त्या दिवसापासून, काय सांगू, तू लंजला, म्हणजे शटल गाठायला लांब पाय पुढे टाकलास की मी शटलकडे बघतच नाही. मला माहितीये ते वेगळं, तिचं लिगामेंट होतं, तुझं तसं काही नाही, डॉक्टरांनी चार वेळा सांगितलं. मला समजतं ते. तरी बघत नाही.

बघ, आलाच गुडघा. सोडतो.

गच्ची आठवते का तुला? टाकीच्या पाइपापासून कपड्यांच्या तारेपर्यंत दोरी, तिच्यावर आईची जुनी ओढणी हे नेट, आणि नियम रोज वेगळे. वाऱ्याने शटल उडालं तर पॉइंट वाऱ्याला. एकदा वारा आपल्या तिघांना हरवून जिंकला होता आणि तू त्याला बक्षीस म्हणून शटलच गच्चीवरून खाली सोडून दिलंस. दादा चीटिंग करायचा, तू रॅकेट टाकून त्याच्या मागे पळायचीस, पकडायची नाहीस कारण हसून हसून पाय चालायचे नाहीत. तुझा बॅकहँड तिथे तयार झाला असं काही मी म्हणत नाही, तिथे काहीच तयार होत नव्हतं, आणि तरी तू मला रोज ओढून वर न्यायचीस. आता मी गेल्या महिन्यात म्हटलं चल जरा वर खेळू, तर म्हणालीस प्लॅस्टिकच्या शटलने आणि वाऱ्यात खेळून टायमिंग बिघडतं. सर पण तेच सांगतात, असेलही खरं. मी एकटाच वर जाऊन आलो. रागावलो नव्हतो, पण तू खेळायला नाही म्हणालीस हे मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं ना.

तू म्हणशील प्रॅक्टिस म्हणजे खेळणंच आहे की. नाहीये ग सगळं. मल्टिशटलच्या, म्हणजे एकामागून एक शटल मारायच्या त्या बास्केटवर बास्केट, शटलशिवायचं शॅडो फुटवर्क, कोर्टाचे सहा कोपरे, परत सहा कोपरे, ते लागतंच, त्याशिवाय जमत नाही हे मलाही कळतं, आणि ज्या दिवशी एखादी गोष्ट एकदम बसते त्या दिवशी तू घरी येतेस तो चेहरा मी ओळखतो. तो चेहरा मला हवाय. हल्ली कमी दिसतो. हल्ली तू येतेस, घड्याळात बघतेस, डायरीत लिहितेस, बर्फ लावतेस (दार लावून, आम्हाला दिसू नये म्हणून, पण फ्रिझरमधला ट्रे रिकामा कोण ठेवतं ते आईला कळतं), आणि झोपतेस. रविवारी सुट्टी असते तर मॅचेसचे व्हिडिओ बघतेस स्लो करून. तुझी ती सायकलवाली मैत्रीण आधी दर रविवारी खालून हाक मारायची, आता मारत नाही. विचारून विचारून कंटाळली असेल.

आता थोडं लेक्चर, नंतर सॉरी म्हणतो. डॉक्टर बोलत होते तेव्हा तू मोबाइलमध्ये होतीस म्हणून परत सांगतो. तू वर्षात एवढी उंच झालीस, हाडं आधी वाढली आणि मांडीचे स्नायू मागे राहिले, ताणलेले. ते स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली नडगीच्या ज्या उंचवट्याला धरलेले असतात तिथलं हाड तुझ्या वयात अजून पक्कं झालेलं नसतं, आणि प्रत्येक उडी, प्रत्येक लंज, प्रत्येक ब्रेक तिथेच ओढतो. म्हणून तिथे टेंगूळ, म्हणून दाबलं की दुखतं. ऑसगुड-श्लाटर असं भलंमोठं नाव आहे, पण वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. खेळ बंद करा असं ते म्हणालेच नाहीत. भार कमी करा म्हणाले. दुखणं वाढलं की कमी, उतरलं की हळूहळू परत. आणि मग मी जे घरी वाचलं ते असं, की मुलांनी आठवड्याला आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास एका खेळाची प्रॅक्टिस करू नये, त्याच्यावर गेलं की अतिवापराच्या दुखापती वाढतात. तू चौदाची, सकाळ-संध्याकाळ धरून तुझे तास वीसच्या वर जातात. अमेरिकेतले मुलांचे डॉक्टर तर म्हणतात आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण बंद आणि वर्षात एकेक महिना करत मिळून तीन महिने तरी त्या खेळापासून लांब. तीन महिने म्हटल्यावर तू जो चेहरा केलास तो मी विसरणार नाही, जसं काही मी रॅकेट मोडायला निघालो होतो. आणि तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, तू पावणेपाचचा अलार्म लावतेस.

सॉरी. झालं लेक्चर. गुडघ्यावर लिहिणार नाही म्हणून पूर्ण परिच्छेद लिहिला.

एक सांगू, मी वहीबद्दल लिहायला बसलो तेव्हा आधी असं लिहिलं होतं की चित्र काढल्याने नजर सुधारते, हाताचा कंट्रोल वाढतो, मन फ्रेश होतं म्हणजे खेळ पण चांगला होतो. मग ते खोडलं. कारण मग कावळासुद्धा तुझ्या ट्रेनिंगमध्ये गेला ना. सायकल स्टॅमिनासाठी, झोप रिकव्हरीसाठी, चित्र नजरेसाठी, मैत्रीण कशासाठी मग? मला तो कावळा कशाहीसाठी नकोय, मला फक्त त्या मीटिंगमध्ये पुढे काय झालं ते वाचायचंय. तुला रोज अर्धा तास असं काहीतरी करावंसं वाटावं ज्याचं रँकिंग नाही, एवढंच. दुसरा खेळ खेळ, पोहायला जा, काही करू नकोस, लोळ. आई म्हणते तिला नुसती लोळताना बघून किती दिवस झाले.

खर्चाचं पण काढलंस तू. 'एवढा खर्च करताय आणि आता थांब म्हणताय.' हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं माहीत नाही, आम्ही घरात असं बोललोय असं मला आठवत नाही. तरी नीट ऐक. ते उधार दिलेलं नाहीये. तुला फेडायचं नाहीये, मेडल आणून तर नाहीच. उद्या तू म्हणालीस बाबा बास, तर मी दोन दिवस गप्प बसेन, खोटं कशाला बोलू, मला पण त्या हॉलमध्ये बसायची सवय झालीये, पण तिसऱ्या दिवशी उठून विचारेन आता काय करायचं. आणि तू 'बास' म्हणावंस असं मला वाटत नाही, उलट आहे, मला वाटतं तू हे खूप वर्षं खेळावंस, आमच्या वयाची होऊन संध्याकाळी डबल्स खेळून चिडून घरी यावंस, पंधरा वर्षांखालची यादी काय, वर्षभरात तिच्यातून वयानेच बाहेर पडशील.

आता जे मला परवा बोलायचं होतं आणि आवाज चढला म्हणून राहिलं. गेल्या स्पर्धेची क्वार्टर फायनल. तिसरा गेम, १९-१९, तिचा स्मॅश बाहेर जात होता, तू रॅकेट मागे घेतलीस, शटल बाहेर पडलं, लाइनच्या पोरीने हात पसरले, अंपायरने तुला पॉइंट दिला. आणि तू वळून त्यांना सांगितलंस की माझ्या रॅकेटला लागलं. कोणी बघितलं नव्हतं. समोरच्या मुलीलाही कळलं नव्हतं. मी स्टँडमध्ये होतो, शेजारच्या माणसाने विचारलं कोणाची मुलगी, मी माझी म्हणालो आणि पुढचं मला नीट बोलता येईना. तू ती मॅच हरलीस, रडलीस, रस्ताभर बोलली नाहीस, आणि मी गाडी चालवताना इतका खूश होतो की ते तुला दाखवताही येईना.

तीच तू. कोणालाही न दिसलेला टच सांगणारी. आणि सर विचारतात 'दुखतंय का' तर म्हणतेस नाही. मी विचारतो तर नाही. फॉर्म विचारतो तर 'नाही लिहा'. दुखतंय त्याची मला भीती आहे, पण त्याच्यापेक्षा जास्त याची आहे, की तू न सांगण्याची प्रॅक्टिस करतेयस, आणि तू ज्याची प्रॅक्टिस करतेस ते तुला येतं.

आता तू चिडशील अशी बातमी. दुपारी कॅम्पच्या सरांचा फोन आला होता. फॉर्म वाचून केला त्यांनी, चांगला वाटला माणूस, मध्ये न बोलता ऐकून घेत होता. पहिला आठवडा तुला लंज आणि जंप नाही, उभ्याने नेटचं काम, सर्व्हिस, आणि फिजिओकडे मांडीचं स्ट्रेचिंग. मग दुखणं बघून पुढचं. त्यांनी हेही सांगितलं की तू सोडून अजून दोघी तशाच आहेत, त्यातल्या एकीने स्वतःच सांगितलं. तुला घरी पाठवणार नाहीयेत, ती तुझी भीती होती ना, मग ती काढून टाक. आणि सर्व्हिस तुझी खरंच उंच जाते, माझं नाही, सरांचं मत आहे हे.

निळी वही मी बॅगेत घातली नाही, तुझ्यावर जबरदस्ती नको म्हणून, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दादा म्हणतोय तू लिहिणार नसशील तर तो कावळ्याचं पुढचं लिहील. त्याचं अक्षर तुला माहितीये.

रविवारी फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर आज्जीशी बोल, ती स्पीकरवर टाकते. काय जेवलीस, कोणाशी मैत्री झाली, खोलीत पंखा चालतो का एवढंच विचारणार. बाकीचं तू सांगितलंस तर ऐकेन.

तुझा,
बाबा