आरशातला उजवा कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरील लेखासोबत त्याचे कानाला पट्टी बांधलेले आत्मचित्र छापले आहे. ‘वेडाच्या भरात उजवा कान कापल्यावर रंगवलेले चित्र’ अशी ओळ त्याखाली आहे. ती दोन कारणांनी दुरुस्त व्हायला हवी.

कान डावा होता. मॉडेल मिळत नसे, म्हणून व्हॅन गॉग स्वतःलाच समोर बसवी. त्यासाठी फ्रान्समधील आर्ल येथे मुद्दाम चांगला आरसा विकत घेतल्याचे त्याने थिओला, म्हणजे भावाला, कळवले होते. आरशात डाव्या-उजव्याची अदलाबदल होते आणि त्याने जे दिसले तेच रंगवले, त्यामुळे पट्टी उजव्या कानावर असल्याचा भास होतो. केवळ कानाची पाळी कापली गेली, हा समजही आता मागे पडला आहे. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. फेलिक्स रे यांनी १९३० मध्ये काढून दिलेले रेखाटन २०१६ मध्ये उजेडात आले आणि त्यात पाळीचा थोडा अंश सोडता जवळपास सगळा कान गेलेला दिसतो.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. चित्रकार मित्र पॉल गोगँशी वाद होऊन ही घटना घडली ती २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री. व्हॅन गॉग ७ जानेवारी १८८९ रोजी रुग्णालयातून घरी परतला आणि हे तैलचित्र त्याच महिन्यातले आहे. त्यात भ्रमिष्टपणाची खूण शोधूनही सापडत नाही. हिरवट ओव्हरकोट आणि केसाळ टोपी घालून तो स्थिर बसला आहे, मागे एका बाजूला लाकडी घोडीवर (ईझलवर) कॅनव्हास, दुसऱ्या बाजूला भिंतीवर त्याच्या आवडीचे जपानी मुद्राचित्र. आजारातून उठलेला चित्रकार पुन्हा कामाला लागला आहे, एवढेच ही मांडणी सांगते, आणि तेही कसलीही याचना न करता. चेहऱ्यावरचे हिरवे-पिवळे, तुटक पण हिशेबी फटकारे पाहिले तर हात किती ताब्यात होता ते कळते. (छपाईत हे फटकारे पुसट झाले आहेत, त्याचा दोष लेखकाकडे नाही.) कान कापणाऱ्याची गोष्ट चटकदार असते हे मान्य, पण तिच्या नादात चित्र पाहायचेच राहून जाते.

मूळ चित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे, याचाही उल्लेख ओळीत नव्हता. दुरुस्ती छापताना तो करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली