गुगलवर डोंगर दिसतो, पाणी दिसत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकानं लिहिलं होतं की सरहद्दीवर एक रडार बसवायचं तर मिलिटरीवाले सर्व्हेतच वर्षं का घालवतात, गुगलवर सगळ्यात उंच डोंगर बघा आणि करा की काम सुरू. वाचून हसू आलं आणि थोडं लागलं पण, कारण फौजेत सर्व्हेयर म्हणून मी याच कामात पाय झिजवलेत, आता जुळे सोलापुरात नातवाला शाळेत सोडायची ड्युटी आहे ती वेगळी. जागेचं नाव सांगणार नाही, ईशान्येकडची होती एवढं धरा. आणि तो डोंगर शेवटी रिजेक्ट झाला म्हणून तर एवढं तरी बोलतोय.

उंची लागते हे खरंच आहे. पृथ्वी गोल, बीम जवळपास सरळ, त्यामुळं खालून येणारं विमान क्षितिजाआड लपतं. हिशोब सोपा आहे, अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा, तसंच विमानाच्या उंचीचं करा आणि दोन्हीची बेरीज करा, आले किलोमीटर. विमान १०० मीटरवरून येत असेल तर आपल्या सोलापूरसारख्या माळावर २५ मीटरच्या टॉवरवरून ते ६२ किलोमीटरच्या आसपास दिसायला लागेल, तेच भोवतालच्या मुलखाच्या ९०० मीटर वर असलेल्या माथ्यावरून १६५ वर. पण त्यात वर्गमूळ आहे हे विसरू नका, उंची चौपट केली तर अंतर दुप्पटच होतं, आणि समोर दुसरा डोंगर आडवा असेल तर सगळंच मुसळ केरात.

ते आडवं काय येतंय हे बघायलाच वर जावं लागतं. आम्ही पाच जण आणि सामान उचलायला गावातली पोरं, थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राची पेटी एकाच्या पाठीवर, आणि माझ्या पिशवीत घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आठ दिवस काय होत नाही तिला. तीन दिवस नुसतं धुकं, स्वतःचा बूट दिसंना. चौथ्या दिवशी पहाटे आभाळ मोकळं झालं तसं ध्रुवतारा धरून उत्तर पक्की केली आणि उजाडल्यावर दर पाच डिग्रीला क्षितिज आडव्या रेषेपासून किती वर आहे त्याचा कोन, म्हणजे पूर्ण चक्कर ७२ रीडिंग. एक जण बघणार, दुसरा लिहिणार, आणि लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा, नाहीतर थंडीत २७ चा ३७ कधी होतो कळत नाही. ईशान्येला एक धार होती अडीच किलोमीटरवर, नकाशात आमच्यापेक्षा पन्नास मीटर उंच, पण वर दाट झाडी, ती धरून कोन आला एक डिग्री चाळीस मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पृथ्वीचा बाक धरला तर त्या दिशेला १०० किलोमीटरवर आमच्या माथ्यापासून साडेतीन किलोमीटर उंचीपर्यंत काही उडालं तरी रडार आंधळं. मग त्या धारेवरच बसवा म्हणाल, तर ती सुरीसारखी, दोन माणसं शेजारी उभी राहात नाहीत.

आता नेटवर उंचीचा डेटा फुकट मिळतो, २००० साली नासाच्या शटलनं अकरा दिवसांत गोळा केलेला, चांगलाच आहे, दहातले सात डोंगर घरबसल्या खोडता येतात. पण दाट जंगलात तो जमिनीऐवजी शेंड्यांकडची उंची धरतो आणि अशा सुरीसारख्या धारा त्यात बोथट होतात.

बरं कोन जमला तरी पुढं बाकीचं आहेच. पहारीनं खणलं तर हातभर खाली काळा खडक, म्हणजे अर्थिंग बोंबललं, घरी आपण मीठ-कोळसा घालून खड्डा भरतो तसं तिथं भागत नाही आणि वीज तर माथ्यावरच पडणार. अँटेनाचे भाग घेऊन येणारा ट्रेलर वळणावर वळला पाहिजे. १९३० च्या दशकात ब्रिटननं किनाऱ्यावर पहिली रडार साखळी उभारली तेव्हा जागेच्या अटींत ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीला फार अडथळा नको हेही होतं म्हणे! आमच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पक्ष्यांसाठी शिकार बंद, तिकडं शिकारीसाठी रडार सरकवायचं.

आणि लांब कशाला जायचं, होटगी रोडच्या विमानतळाजवळची कारखान्याची चिमणी आठवा. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, पण विमानांना अडथळा म्हणून ती एक चिमणी १५ जून २०२३ ला पाडली आणि विमान उडायला २०२५ चा जून उजाडला. एका चिमणीचं हे, मग आख्खा डोंगर आडवा आला तर?

आमचा डोंगर मात्र कोनापेक्षा पाण्यानं जास्त पाडला. झरा दीड तास खाली, पोरं दोन कॅन घेऊन जायची ती जेवणाच्या टायमाला परत यायची, आणि वर बारा महिने तीस-चाळीस माणसं राहणार, त्यांच्या अंघोळी, जनरेटर, सगळं. गंमत म्हणजे पायथ्याच्या गावबुढ्यानं, म्हणजे गावप्रमुखानं, पहिल्याच दिवशी चहा देताना सांगितलं होतं, वर आमचं कोणी राहत नाही साहेब, पाणी नाही. मी ते डायरीत एका ओळीत लिहिलं, वरच्या साहेबांनी रिपोर्टात त्याची दोन पानं केली.

आपला,
एक निवृत्त सर्व्हेयर, जुळे सोलापूर