आयर्लंडमधल्या कॅव्हनच्या गुरुजींना, एका ‘स्मिथ’ सुनेकडून

आदरणीय गुरुजी,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे ते तुम्हाला मलाच वाचून दाखवावे लागेल; परंतु तुमच्याविषयी आधी माझ्या माणसांना सांगावेसे वाटले. तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक असल्याने नाव लिहीत नाही.

मुलीला शाळेतून आडनावाचे आयरिश रूप लिहून आणायला सांगितले, तेव्हा घरात कोणालाच ते सांगता येईना. आडनाव स्मिथ, त्यामुळे पूर्वज इंग्लंडहून आले असणार, असे माझे सासरे जन्मभर धरून चालले होते. ज्यांना पैसे भरून शोध घ्यायला सांगितला, त्यांनी तीन महिन्यांनी एक कुलचिन्ह चौकटीत बसवून पाठवले आणि ‘मूळ इंग्लिश’ असा शेरा मारून हात झटकले. दुसऱ्या एका ठिकाणी, 1922 साली डब्लिनचा दप्तरखाना जळाला, आता काही मिळायचे नाही, एवढे ऐकवून आमची बोळवण झाली.

जळाला हे खरेच. पण 1821च्या जनगणनेची कॅव्हनमधल्या काही पॅरिशांची, म्हणजे तिथल्या छोट्या स्थानिक विभागांची, पाने शाबूत आहेत, हे कळायला तुम्हीच भेटावे लागलात. ग्रिफिथच्या मूल्यांकनात, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जमीन-घरांच्या करनोंदीत, आमचे सगळे ‘स्मिथ’च निघाले. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत मात्र एकाच जोडप्याच्या थोरल्या मुलापुढे एका पाद्रीने ‘मॅकगोवन’ आणि धाकटीपुढे दुसऱ्याने ‘स्मिथ’ लिहिले होते. त्या दोन ओळींवर भिंग धरून तुम्ही काही न बोलता नुसते थांबलात, आमचे आम्हाला दिसेपर्यंत. ‘गावा’ म्हणजे लोहार, मॅक गावन म्हणजे लोहाराचा मुलगा, आणि इंग्रजी अमलात कॅव्हनच्या कितीतरी मॅक गावनांचे सरळ भाषांतर होऊन स्मिथ झाले, हे त्यानंतर सांगितलेत. प्रत्येक स्मिथ असा नसतो, हेही बजावायला विसरला नाहीत.

परंतु हे पत्र त्यासाठी नाही. निघताना तुम्ही एका कार्डावर पेन्सिलीने ‘मॅक गावन’ लिहिलेत, त्याखाली माझ्या लेकीसाठी ‘निक गावन’, कारण मुलगी काही कोणाचा मुलगा नव्हे, आणि मग पेन्सिल थांबवून माझे माहेरचे आडनाव विचारलेत. त्यातला ‘ळ’ जिभेवर बसेपर्यंत ते माझ्याकडून पुनःपुन्हा म्हणवून घेतलेत आणि तिसऱ्या ओळीत लिहिलेत. सासरच्या वंशावळीत माझे माहेर तोवर कोणी लिहिले नव्हते. खरे सांगायचे तर, मीही नाही.

पेन्शनीतला माणूस परक्यांसाठी अख्खा शनिवार घालवतो, चहाही स्वतःच करून देतो आणि पैशांचे नाव काढताच खिडकीबाहेर पाऊस बघू लागतो, असे सौजन्य दारावर पाटी लावून बसलेल्यांकडे मला दिसले नाही. ती चौकट मी भिंतीवरून उतरवली असून त्याच खिळ्यावर आता तुमचे कार्ड आहे.

चिवड्याचा डबा तुमच्याकडेच राहू द्यावा. दिवाळीनंतर आम्ही तिघे येऊ, तेव्हा तो पुन्हा भरून देईन.

तुमची कृतज्ञ,
एक स्मिथ, आणि तिसऱ्या ओळीतलीही