बुटीबोरीच्या काकांना, आमच्या टीमकडून थँक्यू

काका, नमस्कार,

तुम्ही रिटायर झाल्याचं परवा कळलं. निरोप समारंभाला आम्हाला कोण बोलावणार, आम्ही पडलो तुमच्यासाठी ऑनलाइन कोर्स बनवणारे व्हेंडर, म्हणून इथेच लिहून राहिलो. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते माहिती आहे, पण तुमच्या प्लांटचे लोक वाचतील तर ओळखतीलच.

ई-लर्निंगच्या धंद्यात कोणालाही विचारा, खरी डोकेदुखी स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सच्या कुठल्या स्क्रीनवर काय येणार त्याचा आराखडा, लिहिण्याची नसतेच, एसएमईची असते. म्हणजे क्लायंटकडचा तो जाणकार माणूस, ज्याला सगळं येतं पण ज्याच्याकडे टाइम नसतो. तो एक पीपीटी मेल करतो, 'सब इसमें है' म्हणतो, आणि थेट बीटाच्या, म्हणजे कोर्स जवळपास तयार झाल्याच्या, वेळी उगवून म्हणतो असं नाही होत आमच्याकडे. लॉकआउट-टॅगआउटच्या, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून त्याला कुलूप आणि टॅग लावण्याच्या, कोर्ससाठी तुमच्याकडूनही पीपीटीच आली होती, अमेरिकेतल्या कुठल्यातरी डेकवरून उचललेली, पहिल्याच स्लाइडवर ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम 1910.147 आणि साल 1989. पण काम सुरू करतानाच्या किकऑफ कॉलमध्ये तुम्हीच म्हणाले, "माझ्या फिटरला हा नंबर पाठ करून काय करायचंय? तुम्ही इकडे या, अन् येताना सेफ्टी शूज घालून या."

मे महिना, वरून पत्र्याचं शेड, जीव चाललेला बाप्पा. तुम्ही आम्हाला एका प्रेसपाशी उभं केलं, मेन ऑफ केला, स्वतःचं कुलूप लावलं, टॅग अडकवला, चावी खिशात टाकली. आम्हाला वाटलं झालं. तुम्ही म्हणाले थांबा, आणि एअर लाइनमधली हवा सोडली तर फुस्सकन आवाज आला आणि वरचा सिलेंडर झपकन खाली. वीज बंद, कुलूप लावलेलं, तरी मशीन हललं! मग तुम्ही स्टार्टचं बटण दाबून बघितलं, काही होत नाही याची खात्री केली, आणि मग म्हणाले आता हात घाला. पीपीटीत हे 'रिलीज स्टोअर्ड एनर्जी', म्हणजे साठलेली ऊर्जा सोडा, अशा एका बुलेटमध्ये उरकलेलं होतं. आमच्या डेव्हलपरने तुमच्या परवानगीने मोबाईलवर घेतलेला तो व्हिडिओ हाच पुढे कोर्सचा जीव झाला, आमचं ते महागडं अ‍ॅनिमेशन त्याच्यापुढे फिकं पडलं, ग्राफिक्सवाली अजून माझ्यावर चिडून आहे.

पण खरा थँक्यू त्याच्यासाठी नाही. तो रिव्ह्यूसाठी आहे. अल्फा, म्हणजे कोर्सचा पहिला कच्चा नमुना, पाठवल्यावर जे मेल सुरू झाले ते आठवतात ना, एचआरला लोगो मोठा पाहिजे, सेफ्टीला पीपीटीतली एकही स्लाइड सोडायची नाही, प्रॉडक्शनला कोर्स दहा मिनिटांत संपला पाहिजे, आणि तिघंही म्हणतात आमचंच फायनल. अशा वेळी बहुतेक क्लायंट सगळे मेल जसेच्या तसे आमच्याकडे फॉरवर्ड करतात आणि भांडण आमच्या डोक्यावर येतं, मग आम्ही सगळ्यांना थोडं थोडं खूश करतो आणि कोर्सची पार खिचडी होते. तुम्ही तिघांना एका खोलीत बसवलं, एकच एक्सेल शीट केली, प्रत्येक कमेंटसमोर 'कोण ठरवणार' असा कॉलम टाकला आणि जे एकमेकांना कापत होतं ते तिथेच त्यांच्याकडून खोडून घेतलं. आमच्याकडे आलं ते एकच उत्तर. साइन-ऑफवर, म्हणजे शेवटच्या मंजुरीवर, सही पण तुमची एकट्याची. गोडगोड बोलणारे क्लायंट खूप बघितले, ठरवणारा क्लायंट क्वचित भेटतो.

आणि ते एलएमएसचं, म्हणजे कोर्स चालवून कोणी किती केला याची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिमचं. तुमचं सिस्टिम जुनं, फक्त स्कॉर्म 1.2, म्हणजे कोर्स आणि सिस्टिम एकमेकांशी बोलायचं जुनं स्टँडर्ड, चालायचं, त्याच्यात माणूस कोर्समध्ये कुठवर आला हे साठवायला 4096 अक्षरांचीच जागा, कोर्स लांबला की बंद करून उघडला तर पुन्हा पहिल्यापासून. टेस्टर रडकुंडीला आलेला. तुम्ही शांतपणे म्हणाले, "चार तुकडे करा ना, शिफ्टमध्ये एवढा वेळ कोणाले आहे तसाही." झालं.

क्विझवर मात्र आपण भांडलो. मला व्याख्या विचारायच्या होत्या, तुम्हाला प्रसंग पाहिजे होता, शिफ्ट संपत आलेली, माल अडकलेला, सुपरवायझर ओरडतोय की दुसऱ्याचं कुलूप तोड अन् चालू कर, आता काय करशील? तुमचंच ठेवलं. आणि लाँचनंतर तुम्ही स्वतः फ्लोअरवर फिरून, मशीनमध्ये हात घातलेल्या माणसाला विचारायचे, चावी कोणाच्या खिशात आहे? ट्रेनिंगचा उपयोग झाला का हे मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या मॉडेलमधली तिसरी लेव्हल, म्हणजे शिकलेलं कामात उतरलं का ते बघणं, आमचे लोक 1959 पासून त्यावर बोलून राहिले, पण बजेट दुसरीला, म्हणजे परीक्षेलाच संपतं. तुम्ही एक रुपया न घेता केलं.

ती एक्सेल शीट, तुमच्या कंपनीचं सगळं काढून, आता आमच्या प्रत्येक नव्या क्लायंटला किकऑफलाच जाते. 'कोण ठरवणार' हा कॉलम बघून अर्धे जण गप्प होतात, उरलेल्यांशी काम चांगलं होतं.

आता वेळच वेळ आहे तर एखाद्या सकाळी आयटी पार्ककडे या, तर्री पोहे आमच्याकडून. एका नव्या क्लायंटचं वेल्डिंगचं स्टोरीबोर्ड आहे, जरा नजर टाकाल? यावेळी पैसे घ्यावे लागतील, आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने बजेटमध्ये टाकले आहेत.

तुमचीच,
स्टोरीबोर्डवाली पोरगी आणि पूर्ण टीम