पत्रादेवीचा नाका आणि आईचं माहेर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बर्लिनच्या भिंतीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख अभ्यास करून लिहिलेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटाकडे लेखकाने एक विधान सहज करून टाकलंय, की एकाच भाषेच्या, एकमेकांच्या सोयऱ्या माणसांना मधे पहारा बसवून तोडण्याचा प्रसंग आपल्या महाराष्ट्रावर सुदैवाने कधी आला नाही. ते वाचून चहा निवला तो तसाच राहिला. आला होता साहेब. सहा वर्षं होता. आमच्या घरापासून चालत तासाभरावर, गोव्याच्या सीमेवर होता.

मी सिंधुदुर्गातल्या बांद्याचा. एसटीत कंडक्टर होतो, नोकरीतली बरीचशी वर्षं सावंतवाडी-पणजी मार्गावर गेली. आईचं माहेर तोरसे, म्हणजे पत्रादेवीचा नाका ओलांडला की लगेच. आज तिथून ट्रक धडधडत जातात आणि सीमा कुठे लागली हे मोबाईलवर 'वेलकम टू गोवा'चा मेसेज आला की कळतं. आईचं लग्न झालं तेव्हा तिकडे पोर्तुगिजांचं राज्य होतं, पण मुलगी परदेशात दिली असं ना तिच्या बापाला वाटलं ना आमच्या आजोबांना. वाटण्याचं कारणही नव्हतं. तोरसे ज्यात येतं तो पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता. आडनावं तीच, दशावतार तेच, जत्रेच्या तारखा एकमेकांना तोंडपाठ. पेडण्याच्या पुनवेला इकडची माणसं जात, आमच्या आठवडा बाजाराला तिकडची येत. नाका होता, पण तो जकातीचा. शिपाई टोपलीत डोकवायचा, चार शब्द बोलायचा आणि सोडायचा.

हे सगळं १९५५ साली बंद झालं.

का बंद झालं, हे मी चांगलं जाणतो आणि त्या कारणाला कमी लेखणार नाही. पलीकडे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची राजवट कशी होती हे आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. मामा सांगायचे, लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सरकारी सेन्सॉरकडे द्यावा लागे. म्हणजे वधूच्या आजोबांचं नाव सरकारने वाचून पास करायचं! १९४६ च्या १८ जूनला डॉ. लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले आणि पकडले गेले, ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतर आठ वर्षांनी डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीत नुसतं "माझा निषेध आहे" एवढं म्हणाले, तर त्यांना अटक करून थेट पोर्तुगालला नेलं. आमच्या वडिलांसारख्या शेतकऱ्यालासुद्धा हे राज्य जायला हवं याबद्दल शंका नव्हती. सत्याग्रही बांद्यात उतरले तेव्हा गावाने त्यांना जेवू घातलं. आमच्या घरचे तांदूळही त्यात होते.

१५ ऑगस्ट १९५५ ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसहून अधिक माणसं त्या दिवशी मेली. पनवेलचे हिरवे गुरुजी त्यात होते. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनिपाल हा तरुण शिक्षक आमच्या पत्रादेवीला पडला. तिथे स्मारक आहे. दरवर्षी हार पडतात, भाषणं होतात, बातमीही येते. ते योग्यच आहे.

त्यानंतर काय झालं, ते मात्र भाषणात येत नाही. गोळीबारानंतर दिल्ली सरकारने पोर्तुगालशी संबंध तोडले, वकिलाती बंद झाल्या, सामुदायिक सत्याग्रह थांबवला गेला, कॅसलरॉकहून मुरगावला जाणारी रेल्वे थांबली आणि सीमा बंद झाली. आर्थिक नाकेबंदी म्हणत तिला. पोर्तुगीज जेरीस येतील असा हिशेब होता. म्हणजे लक्षात घ्या, पलीकडून संगिनी होत्याच, पण कडी अलीकडूनही घातली गेली, आणि ती स्वतंत्र भारताने घातली. बर्लिनमध्ये भिंत घालणारे आपलीच माणसं पळून जाऊ नयेत म्हणून घालत होते, इथे हेतू नेमका उलटा होता, पलीकडची माणसं मोकळी व्हावीत. हेतूतला हा फरक मोठा आहे, मी तो पुसत नाही. पण चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईला त्या फरकाचा काय उपयोग होता?

पोर्तुगीज काही जेरीस आले नाहीत. त्यांनी दाभोळीला विमानतळ बांधला, मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला पाठवून पैसा केला आणि त्या पैशावर बोटीने माल आणला. तांदूळ पाकिस्तानातून, बटाटे हॉलंडहून. हे बटाट्याचं मामा फार रंगवून सांगायचे. हॉलंडचा बटाटा सात समुद्र ओलांडून मुरगावला उतरायचा, तिथून खटाऱ्यात बसून तोरशात यायचा आणि बांद्याच्या बाजारातला बटाटा, जो त्यांच्या अंगणातून ऐकू येईल अशा अंतरावर विकला जात होता, तो बेकायदा! "आमी दर्यापारचे बटाटे खातंव आनि भयणीच्या घरचो नारळ चोरीचो," असं म्हणून ते हसायचे.

चोरीचं म्हणाल तर ते जोरात चाललं. सोनं, घड्याळं, फाउंटन पेनं तिकडून इकडे आली. ज्यांनी आणली त्यांचे चिरेबंदी बंगले झाले, नावं कशाला घ्या. आणि इकडून तिकडे जायची ती मिरची, अंडी, भाजीची पाटी. ती नेणाऱ्या बायका रात्री रानातल्या वाटेने जायच्या. सापडल्या की पाटी जप्त आणि वर दंड. नाकेबंदी मोठ्याला फळली आणि गरिबाला बाधली, असा आमच्या गावचा तरी अनुभव. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमधून, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक खोल्यांतून राहणारे, आगबोटीवर आणि हॉटेलांत राबणारे गोवेकर घरी मनिऑर्डर करायचे, तीही बंद पडली. अख्खी गावं त्या मनिऑर्डरीवर जगत होती.

आमच्या घरची गोष्ट एकच सांगतो. १९५७ च्या पावसाळ्यात आईचे वडील वारले. ताप होता म्हणतात, चार दिवसांत आटोपलं. तोरशाहून आमच्याकडे निरोप यायला पूर्वी एक गडी पुरे, सकाळी निघाला की न्याहारीला हजर. या वेळी निरोप फिरत आला. तोरशाहून पेडण्याला, तिथून कुणीतरी सातार्ड्याच्या बाजूने रात्री खाडी उतरलेला, त्याच्याकडून सावंतवाडीच्या एका दुकानदाराकडे आणि दुकानदाराने बाजाराच्या दिवशी वडिलांना गाठलं. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सूतक तीन दिवसांचं. बातमी आली तेव्हा बारावंही उलटून गेलं होतं. आजीने विचारलं, आता अंघोळ करायची की नाही? भटजींनाही नीट सांगता येईना. शेवटी ते म्हणाले, कळलं त्या दिवसापासून धरा. आई विहिरीवर गेली, डोक्यावरून पाणी घेतलं, ओलेत्याने आली आणि लावणीची माणसं शेतात थांबली होती म्हणून त्यांची पेज चुलीवर ठेवली. मी लहान होतो, मला एवढंच आठवतं की त्या दिवशी पेजेत मीठ नव्हतं आणि कुणी काही बोललं नाही. जायचं तर परवाना हवा, परवान्याला अर्ज, चौकशी, खेपा आणि इतकं करून कशाला जायचं, तर बाप बघायला नव्हे. पुढे कधी विषय निघाला की ती म्हणायची, "बापूस गेलो, आनि माका खबर गावली ती सूतक सरल्यार." गाऱ्हाण्याच्या सुरात नाही. हिशेब सांगावा तसं.

त्या सहा वर्षांत सीमा मोकळेपणी ओलांडत होता तो फक्त आवाज. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलात ट्रान्समीटर बसवून १९५५ च्या नोव्हेंबरात गुप्त रेडिओ सुरू केला, तो गोवा मुक्त होईपर्यंत चालला. तोरशात एक दुकानदार फळ्या लावून, आवाज बारीक करून ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी मीठ-मिरची बांधता बांधता बातम्या सांगायचा. मुक्तीनंतर याच दोघांनी विमानातून पणजीवर फिरून लाऊडस्पीकरने स्वातंत्र्याची बातमी दिली. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, वयाच्या शंभरीत. उशीर झाला, पण मिळाली.

१९६१ च्या डिसेंबरात आमच्या रस्त्याने मिलिटरीच्या गाड्या गेल्या. दोडामार्गच्या बाजूने पलटणी आत शिरल्या, १८ ला सुरुवात आणि १९ च्या संध्याकाळी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलची शरणागती. बर्लिनची भिंत त्याच साली १३ ऑगस्टला उभी राहिली होती. म्हणजे तिकडे चढली आणि चार महिन्यांत आमची उतरली. पण बर्लिनच्या भिंतीवर लेख येतात, आमच्या भिंतीवर नाही. कदाचित काँक्रीटची नव्हती म्हणून.

आई त्याच आठवड्यात तोरशाला गेली. मला बरोबर नेलं. वाटेत पडवळाएवढा लांब एक शिपाई उभा होता, आमचा, भारतीय. त्याने कुठे जाता म्हणून हिंदीत विचारलं. आईला हिंदी येत नव्हतं. ती म्हणाली, "म्हायेराक." त्याला काय कळलं देव जाणे, त्याने हात केला. घरी मामाची दोन मुलं होती, तिने न पाहिलेली. ती तिला बघून आत पळाली. मामी म्हणाली, अरे तुमची आते ती. थोरल्याने आतूनच विचारलं, भारतातली?

पुढे मी एसटीत लागलो. पणजीची गाडी घेऊन पत्रादेवी ओलांडताना वेबिल भरत असायचो, मान वर करायचीही गरज नसे. परतीच्या वाटेवर मात्र इन्सुलीच्या नाक्याआधी गाडीत एकदम शांतता पसरायची, कारण दर तिसऱ्या पिशवीत फेणी. एक्साइजवाला चढला की भले भले लोक खिडकीबाहेर निसर्ग बघायला लागायचे. आम्ही डेपोत म्हणायचो, सीमा आता बाटलीपुरती उरली.

तसं नव्हतं, हे २०२० साली कळलं. लॉकडाऊनमध्ये गोव्याची सीमा बंद झाली. माझी मुलगी म्हापशाला दिलेली आहे. शेजारचा मुलगा वेर्ण्याला औषध कंपनीत कामाला होता, तो खोलीतच अडकला. बांदा, सातार्डा, दोडामार्ग इथली कितीतरी मुलं रोज गाडी मारून गोव्यात कामाला जाणारी, त्यांची पंचाईत झाली. महामारी होती, इलाज नव्हता, मान्य. मला नवल वाटलं ते सीमा बंद होण्याचं नाही, ती किती पटकन झाली त्याचं. दोन पिंपं, एक बांबू, चार पोलीस. बस्स. त्याआधी २०१८ पासून गोव्याच्या सरकारी रुग्णालयात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क सुरू झालं होतं. आमच्याकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा बांबोळीचं गोव्याचं सरकारी रुग्णालय जवळचं वाटतं. तेव्हा दोडामार्गला आंदोलन झालं, पुढे योजनेतून काही वाट निघाली. गोव्याच्या करदात्याने आमचा भार का उचलावा हा प्रश्न गैर नाही. पण तेव्हा तिकडून 'भायले', म्हणजे बाहेरचे, हा शब्द ज्या चवीने ऐकू आला आणि इकडून गोव्याचं पाणी बंद करा अशा ज्या आरोळ्या आल्या, त्या ऐकताना मी मनात म्हटलं, आई नाही तेच बरं.

आणि एक गंमत. मामाचा नातू पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला, ब्रेक्झिटच्या आधी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगाल नागरिकत्व देतो. ज्या राजवटीत पणजोबांच्या घरची लग्नपत्रिका सेन्सॉर व्हायची, तिच्याच मुलखाची नागरिकता आज पणतवाला युरोप मोकळा करून देते. त्याला मी नावं ठेवत नाही. कुणी ठेवूही नयेत.

माझं म्हणणं मोजकं आहे. गोवा मुक्तीची किंमत गोळ्या खाणाऱ्यांनी दिली, तुरुंगात खितपत पडलेल्यांनी दिली, त्यांची नावं कोरली गेली आहेत. ती सहा वर्षं ज्यांनी निमूट काढली, ज्यांना कुणी विचारलं नाही की बाई, तुझं माहेर बंद करतोय, चालेल का, त्यांची किंमत कुठल्याच खात्यात जमा नाही. सरकारचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. निःशस्त्र माणसं मारली गेल्यावर सरकारने हात बांधून बसायचं होतं का? पण बरोबर निर्णयाचंही कुणीतरी बिल भरतं, आणि ते कुणी भरलं हे लिहून ठेवायला हवं.

तेव्हा दोन विनंत्या. एक, लेखातलं ते विधान दुरुस्त करावं. दुसरी, येत्या १९ डिसेंबरच्या अंकात थोडी जागा सीमेवरच्या गावांना द्यावी. रेडी, आरोंदा, सातार्डा, बांदा, दोडामार्ग आणि पलीकडे केरी, तोरसे, हणखणे इथे त्या काळात सासरी असलेल्या काही बायका अजून आहेत, नव्वदीच्या आसपासच्या. बातमीदार पाठवणार असाल तर दुपारचा पाठवा, सकाळी त्यांना ऐकू कमी येतं असं सांगतात, पण खरं म्हणजे सकाळी त्या देवपूजेत असतात. पत्ते मी देईन, वाटाड्या म्हणून बरोबरही येईन.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, बांदा (जि. सिंधुदुर्ग)