मुखवट्यांमागे कोण होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या आयुष्यावर बेतलेल्या एका नृत्यनाट्याचा प्रयोग अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आमच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, निमित्ताने झाला. स्वप्नासारखे तुटक, जवळजवळ निःशब्द असे हे नाट्य खेड्यातील प्रेक्षकांना पेलणार नाही, अशी धास्ती आयोजकांपैकीच काहींना होती. पण दिवाळीनंतर रात्र रात्र शामियान्यात बसणारा, दंडार हे लोकनाट्य पाहत वाढलेला, पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचा प्रेक्षक रंगमंचावरील अद्भुताला बिचकत नाही. बांबूच्या पायऱ्यांची बावडी (विहीर) आणि तिच्या तळाशी अंग घासघासून धूत असलेला, तरीही मळ न निघालेला ब्रह्मराक्षस दिसताच माझ्या मागच्या आजीबाई ‘हा त बरमराकस होय’ असे पुटपुटल्या. मुक्तिबोधांची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता त्यांनी वाचली असण्याची शक्यता फार कमी. (प्रयोग दीड तासातच आटोपल्यावर ‘आता पुढचा अंक केव्हा?’ अशी विचारणा झाली, तो भाग निराळा.)

माझी हरकत वेगळीच आहे. या प्रयोगातला कवी पहिल्यापासून शेवटपर्यंत बिड्या ओढतो, डोके धरतो आणि स्वतःच्याच सावलीला घाबरतो. त्याची ही अवस्था कशामुळे झाली, हे मात्र कुठेच दिसत नाही. नागपुरात ‘नया खून’ साप्ताहिकात काम करणारा, नोकऱ्या बदलत संसार ओढणारा आणि १९५८ साली आमच्या शेजारच्याच राजनांदगावी प्राध्यापक म्हणून गेलेला हा मराठी घरातला हिंदी कवी केवळ मनाच्या दुखण्याने खचला नव्हता. शाळांसाठी लिहिलेल्या त्याच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने १९६२ साली बंदी घातली आणि तो घाव त्याच्या जिव्हारी लागला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत तो वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ४६ होते आणि त्याचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रहही त्याच्या हाती पडला नव्हता. दीड तासाच्या नाट्यात या बंदीसाठी पाच मिनिटेही निघू नयेत, हे मला पटत नाही.

‘अंधेरे में’ या कवितेतील मध्यरात्रीच्या मिरवणुकीचेही तेच झाले. कवितेत त्या मिरवणुकीत बँडबाजा आहे, फौज आहे, नावाजलेले कवी, समीक्षक आणि मंत्री आहेत, आणि त्यांच्याच जोडीने शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्तादही चालतो आहे. दिवसा प्रतिष्ठित दिसणारी माणसे रात्री कोणाच्या संगतीत असतात, हे कवीने पाहिले, म्हणून तर ते त्याच्या मागे लागतात. प्रयोगात या सर्वांना एकसारखे काळे मुखवटे चढवल्यामुळे कोण कोणासोबत चालले आहे, हेच कळेना. दंडारीतले सोंग मंचावर येताच वेशावरून ओळखू येते. इथेही तसे केले असते, तर आमच्या गावकऱ्यांनी एकेकाला नावानिशी हाक मारली असती. आणि पहिल्या रांगेतील पाहुण्यांसमोर नेमके तेच नको होते की काय, अशी मला शंका आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया